कोल्ड स्टोरेजची हमाली : कॅलरी नेमक्या किती धरायच्या?

येरळाकाठ

मंडळी, नमस्कार. तासगाव भागात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. कागदावर सुपरवायझरचा मदतनीस, पण गाडी लागली की मीही बॉक्स उचलतो. एक बॉक्स पंधरा किलोचा. आत चार-पाच अंश, बाहेर एप्रिलचं ऊन. पाळी नऊ तासांची, जेवण-चहा धरून.

वय २९, उंची १७० सेंमी, वजन ७८. वजन दिवाळीपासून तिथंच आहे, पोट मात्र शर्टातून दिसायला लागलंय. म्हणून कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. त्यात धावणं आहे, पोहणं आहे, झुंबा आहे, बर्फावरून घसरणंसुद्धा आहे. बॉक्स उचलणं नाही. हातातलं घड्याळ पाळी सुटताना २१०० च्या आसपास 'ॲक्टिव्ह' कॅलरी दाखवतं. जिमवाला म्हणतो, कामाचं काही धरायचं नाही, २००० खा आणि गप बस. तसं खाल्लं तर दुपारच्या गाडीला हात थरथरायला लागले.

मग खरं काय धरायचं? अंगमेहनतीची कामं करणारे हिशोब कसा करता? अंदाजच सांगा, पण तो कशावरून काढला तेही सांगा.

मिरज_जंक्शन

ॲपमध्ये 'घरसामान हलवणे' असं काहीतरी सापडेल बघ. आमच्या इथल्या गोडाऊनच्या एका पोरानं तेच टाकलं आणि नऊ तासांनी गुणलं. साडेचार हजार आल्या. त्या रात्री मटणाचं ताट आणि वर परत एक ताट, शास्त्रोक्त पद्धतीनं.

ज्वारीची_भाकरी

येरळाकाठ दादा, मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे मार्केट यार्डातले हमाल येतात, तसे त्यांच्याकडून हळदीची पोती उचलून घेणारे व्यापारीही येतात, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी रोजचा आहे. आधी एक सांगते, हात थरथरत असतील तर २००० चा प्रयोग थांबवा. पंधरा किलोचा बॉक्स हातातून सुटला तर पायावरच येणार.

आता हिशोब. शांत बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी जाळतो (ॲपवाले हिलाच नुसतं कॅलरी म्हणतात). ह्याला एक मेट म्हणतात. कुठल्या कामाला बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते, ह्याची मोठी यादी अमेरिकेत १९९३ मध्ये निघाली. नंतर २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली. बरीच ॲप्स आतून हीच यादी वापरतात. तिच्यात तुमचं काम आहे, फक्त ॲपवाल्यांनी ते दाखवायचे कष्ट घेतलेले नाहीत. बसून लिहिणं दीडच्या आसपास, उभ्यानं हलकं काम अडीच ते तीन, ११ ते २२ किलोचं ओझं घेऊन सपाटीला चालणं पाच, ट्रक भरणं-उतरवणं साडेसहा, जड ओझ्यासकट जिना चढणं आठ ते बारा.

गोम अशी आहे की साडेसहा हा आकडा हात चालू असतानाचा आहे. पाळीचा नाही. मिरज_जंक्शन ह्यांच्या पोरानं तिथंच घोळ केला. ७८ गुणिले साडेसहा गुणिले नऊ, आले साडेचार हजार. नऊ तास अखंड ट्रक भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गाडी उशिरा येते, वजनकाट्यावर थांबते, पावती होत नाही, कुणीतरी तंबाखू मळत असतो.

तेव्हा असं करा. एखादा नेहमीसारखा दिवस बघून पाळीचे चार ढीग पाडा. गाडी भरणं-उतरवणं किती वेळ, बॉक्स घेऊन किंवा ट्रॉली ढकलत चालणं किती, उभ्यानं मोजणं-चिठ्ठ्या लावणं किती, बसणं किती. वाट बघण्याचा वेळ बसण्यात टाका, उचलण्यात नाही. ते आकडे इथं लिहा, पुढचं मी करून देते.

शंकासुर

साताऱ्यात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

पंधरा किलोचा बॉक्स जमिनीवरून एक मीटर वीस सेंटिमीटर उंच फाळक्यापर्यंत उचलायला लागणारं शुद्ध यांत्रिक काम काढा. १५ गुणिले ९.८ गुणिले १.२, म्हणजे १७६ ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल. हजार बॉक्स उचलले तर बेचाळीस किलोकॅलरी! पाव भाकरी.

स्नायू लावलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा हिस्सा कामात उतरवतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून पाचनं गुणा, दोनशे दहा. तरी एका भाकरीच्या पुढं गाडी जात नाही.

पण इथं विद्यार्थी नेहमी एक गोष्ट विसरतात. वाकून उचलताना तुम्ही बॉक्सबरोबर स्वतःलाही उचलता. डोकं आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग भरतो. येरळाकाठ ह्यांच्या बाबतीत ते ४७ किलो. वाकून उठताना हा भाग सरासरी चाळीस सेंटिमीटर वर आला असं धरा. झाले १८४ ज्यूल. म्हणजे बॉक्सपेक्षा स्वतःचं अंग उचलायलाच जास्त काम पडलं. हमाल थप्पी कमरेच्या उंचीवर का मागतात, ह्याचं उत्तर ह्या एका आकड्यात आहे. लोक त्याला कामचुकारपणा म्हणतात.

दोन्ही मिळून हजार बॉक्सना चारशे-साडेचारशे किलोकॅलरी. वर चालणं, बॉक्स अंगाशी धरून ठेवणं आणि खाली अलगद ठेवणं वेगळं. धरून ठेवण्यात यांत्रिक काम शून्य असतं, पण स्नायूला ते सांगून उपयोग नाही.

मिरज_जंक्शन

सर, दहा टनांची गाडी म्हणजे साडेसहाशेच्या वर बॉक्स. चार जणांत भरली तर माणशी एकशे सत्तर सुद्धा येत नाहीत. मग ही हजाराची गणितं पेपरातच बरी.

शंकासुर

तोच तर पडताळा आहे! तास मोजायचा कंटाळा असेल तर बॉक्स मोजा. गाड्या किती आणि माणसं किती एवढं कळलं की मेटचा आकडा जमिनीवर आहे की हवेत, ते लगेच दिसतं.

पाटणचा_डोंगर

सगळं वाचलं. जरा वेगळं बोलतो.

आमचे आबा मुंबईला माथाडी होते, मस्जिद बंदरला आणि नंतर वाशीच्या मार्केटात. पाटण खोऱ्यातलं अर्धं गाव तिकडंच होतं. अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळं आबांसारख्यांना हजेरी, फंड, दवाखाना असं काही मिळालं. आबांनी शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आमच्याकडं पन्नासची पोती यायला पुढं किती वर्षं गेली ते हमालांना विचारा.

कॅलरीचा आणि मजुरीचा संबंध फार जुना आहे, हे इथं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कशावर ठरवायचं ह्याचे निकष घातले. त्यातला एक निकष अन्नाचा. मध्यम मेहनत करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २७०० कॅलरी, डॉ. आयक्रॉइड ह्यांच्या शिफारशीप्रमाणं. कुटुंब धरायचं तीन खाणाऱ्या माणसांएवढं. म्हणजे कामगाराच्या अंगातून किती जळतं हा प्रश्न आधी पगाराच्या टेबलावर आला आणि जिममध्ये फार नंतर. येरळाकाठ, तुझा आकडा काढून झाला की मुकादमालाही दाखव.

आबांचं खाणं सांगतो. सकाळी चार भाकरी, मिरचीचा खर्डा, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. दुपारी पुन्हा तेवढंच. तरी अंगावर मांस असं नव्हतंच, नुसत्या तारा. निवृत्त होऊन गावाला आले आणि दोन वर्षांत धोतर बसेना. खाणं तेच राहिलं, पोतं गेलं.

ज्वारीची_भाकरी

डोंगर दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. आयक्रॉइड हे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. तीच संस्था पुढं हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिचे २०२० चे आकडे असे आहेत. ६५ किलोच्या पुरुषाला बैठं काम असेल तर २११०, मध्यम २७१०, जड कामाला ३४७०. आधीच्या २०१० च्या तक्त्यात पुरुष ६० किलोचा धरला होता आणि बैठ्या कामाला २३२० होते. नमुन्याचा पुरुष पाच किलोंनी जड झाला आणि तरी त्याची बैठी गरज कमी केली, ह्यातून काय ते समजा.

आबांच्या धोतराबद्दल एक जुना अभ्यास आठवला. १९५६ मध्ये जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बंगालमधल्या ताग गिरणीच्या कामगारांचं खाणं आणि वजन तपासलं. हलक्या कामापासून जड कामापर्यंत खाणं कामाबरोबर वाढत जातं, वजन मात्र जवळपास तेवढंच राहतं. पण अगदी बैठी कामं करणारे, म्हणजे कारकून, दुकानदार वगैरे, जड काम करणाऱ्यांइतकंच खात होते आणि वजनानं जास्त होते. ठरावीक हालचालीच्या खाली गेलं की भूक कामाचं ऐकेनाशी होते.

फौंड्री_नाइटशिफ्ट

घड्याळाच्या २१०० बद्दल बोलतो. कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत आहे, भट्टीच्या बाजूला. माझ्या घड्याळाप्रमाणं मी रोज मॅरेथॉन पळतो. लॅडलजवळ, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या बादलीजवळ, नुसतं उभं राहिलं तरी ठोके ११०-१२० च्या खाली येत नाहीत. उष्णता बाहेर टाकायला हृदय कातडीकडं रक्त ढकलतं, त्यात स्नायूंचं काम वाढलेलं नसतं. घड्याळाला कारण कळत नाही, ठोका कळतो. ठोका वाढला म्हणजे कॅलरी गेली असं ते धरून चालतं. वरच्या साहेबांशी वाजलं तरी माझ्या कॅलरी जळतात, त्याचं काय करायचं?

हातानं काम करतानाही तसंच. पायांपेक्षा हातांचे स्नायू लहान, त्यामुळं तेवढ्याच ऑक्सिजनला ठोके जास्त पडतात. फेटलिंगवाल्या, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासणाऱ्या पोरांची घड्याळं म्हणून फुगलेली असतात. उलट नुसती पावलं मोजणारं यंत्र असेल तर ते ओझं बघत नाही. रिकामा चाललास काय किंवा बॉक्स घेऊन चाललास काय, त्याला पाऊल एकच.

स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेही प्रयोगशाळेत, सायकल आणि ट्रेडमिलवर. भट्टीजवळ कुणी आलं नव्हतं.

आणि घामाचं एकदा सांगून टाकतो, कारण आमच्याकडं सगळे ह्यातच फसतात. पाळीनंतर काट्यावर दीड किलो कमी दिसतं ते पाणी असतं. एक लिटर घाम वाळताना अंगातली ५८० किलोकॅलरीएवढी उष्णता घेऊन जातो हे खरं, पण ती उष्णता बाहेरून आलेली असू शकते. चरबी त्यासाठी जळत नाही. पाणी-मीठ पोटात गेलं की काटा परत होता तिथं.

येरळाकाठ

आमचं उलटं आहे, आत थंडी. थंडीनं जास्त जळत असेल ना?

ज्वारीची_भाकरी

कुडकुडलात तर. काम करताना कुडकुडत नाही माणूस, आणि तुम्ही जॅकेट घालून आत जाता. शून्य धरा.

हळदीचं_पान

मी कवठेमहांकाळ तालुक्यातली, दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारी. पोरीनं हा धागा वाचून दाखवला आणि तीच माझं लिहिते आहे.

सगळ्यांनी उचलायचंच मोजलं. भांगलणीला आम्ही सकाळी नऊला बसतो ते उन्हं कलंपर्यंत. खुरपं एका हातात, दुसऱ्या हातानं तण उपटायचं, आणि बसल्या बसल्या पुढं सरकायचं. पोरीनं तिचं घड्याळ एकदा माझ्या हातात बांधलं. दिवसभराची पावलं बघून घड्याळ म्हणालं, उठा, थोडं चाला! आम्ही बायका पोट धरून हसलो.

आणि कामावर यायच्या आधी पाणी भरून, शेण काढून, धार काढून, दोन वेळच्या भाकरी थापून आलेलो असतो. ते कुठल्या ढिगात टाकायचं?

ज्वारीची_भाकरी

मावशी, तुमच्या प्रश्नानं तर ॲपवाल्यांची दांडी गुल होईल.

भांगलणीला साधारण चार मेट धरायला हरकत नाही, हाताच्या धारेला तीन ते साडेतीन, भाकरी थापून स्वयंपाक करायला अडीच-तीन. सुटं सुटं बघितलं तर ह्यातलं एकही काम ट्रक भरण्याएवढं जड नाही. पण ते पहाटे पाचला सुरू होतं आणि रात्री नऊला संपतं. पोषण संस्थेच्या तक्त्यात ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर १६६०, मध्यमला २१३०, जडला २७२०. तुम्ही मध्यम आणि जडच्या मध्ये कुठंतरी आहात. अंगावर पाजणारी बाई असेल तर पहिले सहा महिने त्यात आणखी ६००. आता हे ताटात येतं का, हा पाटणच्या दादांचाच प्रश्न परत आला. माझ्याकडं रानातून येणाऱ्या बायकांत 'वजन कमी करून द्या' म्हणणारी क्वचित असते. 'चक्कर येते' म्हणणाऱ्या असतात.

कास_पठार

धावणारा आहे, साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळतो, म्हणून ह्या विषयात नाक खुपसतो. तुम्ही सगळे बेरीज करताय, पण शरीर बेरीज करतंच असं नाही.

टांझानियातल्या हाडझा लोकांचा २०१२ चा अभ्यास वाचा. शिकार करणारी, कंद खणणारी माणसं, दिवसभर पायपीट. त्यांची रोजची ऊर्जा दुहेरी खुणेच्या पाण्यानं मोजली. म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजायचं आणि ते अणू लघवीत किती वेगानं कमी होत जातात ते बघायचं. रोजच्यासारखं हिंडत-फिरत जगणाऱ्या माणसाची ऊर्जा मोजायची ह्याहून चांगली पद्धत नाही. शरीराच्या आकाराचा हिशोब केल्यावर त्यांची रोजची ऊर्जा अमेरिकेतल्या बैठ्या लोकांएवढीच निघाली. हर्मन पाँट्झर ह्यांचं म्हणणं असं की हालचाल वाढली की शरीर दुसरीकडं काटकसर करतं. मग बॉक्सचे एवढे आणि गाडीचे तेवढे असे वर वर लावत जाण्यात अर्थ काय?

शंकासुर

हाडझा माणसं लहानखुरी आहेत, आणि सगळा वाद त्या 'आकाराचा हिशोब केल्यावर' ह्या तीन शब्दांत अडकलाय. शिवाय काटकसर म्हणजे फुकट नव्हे. हमालाला २११० वर ठेवा आणि महिन्यानं बघा काय होतं.

ज्वारीची_भाकरी

दोघांचंही घेऊ. पाँट्झर ह्यांच्या म्हणण्यातून माझ्या कामापुरतं एवढंच येतं की मेटनं काढलेली बेरीज वरच्या टोकाची असू शकते. म्हणून मी ती कधी पूर्ण खाऊ देत नाही. पण तिला शून्य धरणाऱ्या जिमवाल्याचंही मी ऐकत नाही.

कंडक्टर_बिल्ला

सातारा विभाग, एसटी. आमच्या धंद्यावर तर जगप्रसिद्ध अभ्यास आहे, आणि आमच्या डेपोत कुणाला पत्ता नाही! १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. मॉरिस ह्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तुलनेला घेतले. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आमच्या ड्रायव्हरला हे सांगितलं तर म्हणतो, मग स्टेअरिंग तू घे.

आमच्या गाडीला वरचा मजला नाही, पण बाजारच्या दिवशी मेढ्याच्या गाडीत मागच्या सीटपर्यंत तिकीट फाडत जाणं म्हणजे कुस्तीच. त्याला किती मेट?

ज्वारीची_भाकरी

बिल्ला दादा, तीन धरा. गर्दीचे वेगळे देत नाहीत.

पण ह्या अभ्यासावरून कामालाच व्यायाम समजू नका. डेन्मार्कमधले संशोधक गेली काही वर्षं दाखवतायत की कामावरची जड मेहनत हृदयाला मोकळ्या वेळच्या व्यायामाएवढी मानवत नाही. तासन् तास ओझं, मध्ये विश्रांती नाही, वेग आपल्या हातात नाही. दिवसभर टिकणारं काम स्वतःच्या कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं, असं श्रमशास्त्रात धरतात. निरोगी तरुण पुरुषाला ते मिनिटाला पाच किलोकॅलरीच्या जवळ पडतं. त्याच्या वर गेलं की माणूस आपोआप थांबे घेतो. मुकादमानं ते घेऊ दिले नाहीत तर दुखणी घेतो.

येरळाकाठ

आलो. ताईंनी सांगितलं तसे ढीग पाडले, जवळच्या अर्ध्या तासावर आणून लिहितोय. गाडी भरणं-उतरवणं, हात खरंच चालू असलेला वेळ, एक तास. मला वाटलं होतं तीन-चार तरी येतील. बॉक्स घेऊन आणि ट्रॉलीबरोबर चालणं एक तास. उभ्यानं मोजणी, चिठ्ठ्या, माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याला बॉक्स उघडून दाखवणं चार तास. बसणं, जेवण, चहा, गाडीची वाट तीन तास.

ज्वारीची_भाकरी

मस्त. आता कागद घ्या.

तुमची मूळ गरज, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा, मिफ्लिनच्या १९९० च्या सूत्रानं काढते. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले ५, पुरुषाला अधिक ५. येतात १७०० च्या किंचित वर. तासाला सत्तर. भारतीयांची मूळ गरज ह्या परदेशी सूत्रांपेक्षा पाचेक टक्के कमी निघते, ते शेवटी वजा करू.

गाडीचा एक तास साडेसहानं, ४५५. ओझं घेऊन चालणं एक तास पाचनं, ३५०. उभं राहणं चार तास अडीचनं, ७००. बसणं तीन तास दीडनं, ३१५. पाळीच्या झाल्या १८२०. ह्यातल्या ६३० तुम्ही घरी नुसते बसून राहिला असतात तरी गेल्याच असत्या. म्हणजे कामाचं खरं वरचं देणं १२०० च्या आसपास. घड्याळ २१०० म्हणत होतं.

झोपेच्या साडेसात तासांचे ५००, उरलेल्या साडेसात तासांचे घर-मोटरसायकल-मोबाईल धरून ८४०. दिवसाचे ३१६०. पाच टक्के काढा, ३०००. मूळ गरजेच्या पावणेदोन ते एक पूर्णांक नऊ पट. मध्यमच्या जरा वर, जडच्या बरंच खाली. दोनशे-तीनशे इकडं-तिकडं समजा, ह्यापेक्षा बारीक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ह्याचा पुरावा तुमच्याकडंच आहे. दिवाळीपासून वजन हललेलं नाही, म्हणजे जेवढं जळतंय तेवढंच तुम्ही खाताय, तीन हजारांच्या आसपास. २००० वर आलात तेव्हा एका दिवसात हजाराचा खड्डा पडला, म्हणून हात थरथरले. २५०० ते २६०० खा. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोटभर, कपात रात्रीच्या ताटात. कागदावर पंधरवड्याला जवळजवळ एक किलो उतरायला हवं, प्रत्यक्षात थोडं कमी उतरेल.

एक विचारू? येता-जाता बेदाणा तोंडात टाकता का?

येरळाकाठ

ते कोण नाही टाकत ताई.

ज्वारीची_भाकरी

शंभर ग्रॅमला ३००. ओंजळभर झाला की दीड भाकरी गेली.

शंकासुर

ह्या कागदात एक गंमत आहे, ती कुणी बघितली का? चार तास नुसतं उभं राहून ७०० गेल्या आणि गाडी भरून ४५५. माणूस घरी जाऊन सांगतो ते गाडीचं. जास्त जळालं ते चिठ्ठ्या लावताना.

यंत्रमाग_विटा

मग आमचं काय? बारा तास मागावर, नाइट. उचलणं काही नाही. ह्या मागावरून त्या मागावर चालत राहायचं, धागा तुटला की जोडायचा. वजन ६०. लोक म्हणतात तुमचं काम हलकं.

शंकासुर

अडीच मेट धरा, जेवणाचा तास सोडा. ६० गुणिले अडीच गुणिले अकरा, १६५०. आराम वजा केला तरी हजाराच्या जवळ वरचे. येरळाकाठांच्या सगळ्या गाड्या आणि बॉक्स मिळून बाराशे होतात, आणि ते तुमच्यापेक्षा अठरा किलोंनी जड आहेत. काम हलकं म्हणणाऱ्याला एक रात्र मागावर उभं करा.

यंत्रमाग_विटा

हे मालकाला दाखवतो.

येरळाकाठ

शेवटचा प्रश्न. ॲपमध्ये आता टाकू कसं? मी 'खूप सक्रिय' निवडलंय, घड्याळ जोडलंय, वर रोज १२०० चा व्यायाम लिहू का?

फौंड्री_नाइटशिफ्ट

अरे भावा, तिसऱ्यांदा मोजतोयस तेच काम!

ज्वारीची_भाकरी

फौंड्री दादा बरोबर. 'खूप सक्रिय' निवडलं की ॲपनं कामाचं आधीच धरलेलं असतं. घड्याळ जोडलं की परत धरलं. हातानं लिहिलं की परत. ॲप तुम्हाला पाच हजार खायला सांगेल आणि तुम्ही खाल. एकच वाट धरा. 'बैठं' ठेवा, घड्याळाची जोडणी तोडा आणि कामाच्या दिवशी हातानं ८०० लिहा. बाराशे नाही, कारण 'बैठं' मध्येही थोडं उठणं-बसणं गृहीत असतं, आणि पाँट्झर साहेबांसाठी थोडं राखून ठेवू. सुट्टीच्या दिवशी काही लिहू नका. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर. तीन-चार आठवडे काटा हलला नाही तर ८०० चे ६०० करा. भराभर उतरायला लागला तर हजार करा.

येरळाकाठ

'बैठं' केलं, घड्याळ तोडलं. ॲप लगेच विचारतंय, 'आज थोडं चालणार का?' बाहेर दोन गाड्या लागल्यात, आलोच.